पट्टेदार हार्ड डिस्क-संच : वेग, जोखीम आणि नोंदींचे जतन
(सास्तूर परिसराच्या अनुभवाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन)

प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील गावे उद्ध्वस्त केली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून लोक रात्री उशिरा झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद अशी घरांची रचना असल्याने झोपेतच असंख्य माणसे गाडली गेली. अधिकृत गणनेनुसार सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले व पुढे लोहारा तालुक्यात समाविष्ट झालेले सास्तूर हे या आपत्तीत सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक होय.

या भूकंपाच्या इतिहासात एक बाब फारशी चर्चिली गेलेली नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ पासून राबविण्यात आलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. या गावांतील कुटुंबांना मिळावयाच्या घराचे क्षेत्रफळ त्यांच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या कुटुंबास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टर जमीन असलेल्यास ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यास ७५० चौरस फूट असे हे प्रमाण होते. म्हणजेच ज्याचे घर भुईसपाट झाले होते, त्याच्या नव्या घराचा आकार कागदावरील एका नोंदीवर अवलंबून होता. नोंद टिकणे म्हणजे काय, याचा इतका थेट अर्थ फार थोड्या प्रसंगी समोर येतो.

आज अशा नोंदी हार्ड डिस्कवर साठविल्या जातात. एकापेक्षा अधिक डिस्क जोडून त्यांवर माहिती पट्ट्यापट्ट्यांनी वाटण्याची पद्धत १९९० नंतर मोठ्या संगणकांकडून टेबलावरच्या संगणकापर्यंत आली. ही पद्धत का निर्माण झाली, ती कशी चालते, तिने काय मिळते आणि काय गमवावे लागते, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याचबरोबर ग्रामीण नोंदींच्या जतनासाठी ही पद्धत कितपत योग्य आहे, याचाही विचार येथे केला आहे.

एका डिस्ककडून अनेक डिस्ककडे

हार्ड डिस्कचा इतिहास १९५६ साली आयबीएम कंपनीने सादर केलेल्या 'रॅमॅक' या यंत्रापासून सुरू होतो. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या असलेल्या या अवजड यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. पुढील काळात डिस्कचा आकार घटत गेला आणि क्षमता वाढत गेली. १९८० मध्ये सीगेट कंपनीची ५ मेगाबाइटची सव्वापाच इंची डिस्क बाजारात आली आणि हार्ड डिस्क वैयक्तिक संगणकाच्या आवाक्यात आली.

मात्र क्षमता ज्या गतीने वाढली, त्या गतीने डिस्कचा वेग वाढला नाही. प्रोसेसर व स्मृती पूर्णतः विद्युतीय असल्याने त्यांची प्रगती झपाट्याने झाली. डिस्कमध्ये मात्र फिरणारी तबकडी आणि सरकणारे शीर्ष हे यांत्रिक भाग असतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एक फेरा पूर्ण करण्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. यंत्रशास्त्राची ही मर्यादा ओलांडणे कठीण होते. त्यामुळे एक डिस्क वेगवान करण्याऐवजी अनेक डिस्क एकाच वेळी कामास लावाव्यात, असा विचार पुढे आला.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातील केनेथ सेलम व हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास या कल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. शेतात जसे आळीपाळीने दोन पिकांचे पट्टे घ्यावेत, तसे माहितीचे समान तुकडे करून पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या डिस्कवर, तिसरा पुन्हा पहिल्या डिस्कवर अशा क्रमाने लिहावेत, हे तिचे सार आहे. वाचताना दोन्ही डिस्क एकाच वेळी काम करतात. त्यामुळे सलग माहिती वाचण्याचा वा लिहिण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. याच पद्धतीला 'स्ट्रायपिंग' म्हणजेच पट्टेदार मांडणी असे म्हणतात.

१९८८ चा शोधनिबंध आणि त्यामागील भीती

या क्षेत्रातील सर्वांत प्रभावी टप्पा म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांचा १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध होय. 'रेड' ही संज्ञा या निबंधामुळे रूढ झाली. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकात वापरल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त डिस्क जोडून अधिक वेग व क्षमता मिळविता येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते.

तथापि या निबंधाचा खरा गाभा वेगाच्या आश्वासनात नसून जोखमीच्या हिशेबात आहे. एका डिस्कचे अपेक्षित आयुष्य ३०,००० तास, म्हणजे तीन वर्षांहून अधिक धरले, तर १०० डिस्कच्या संचात पहिला बिघाड होण्याचा अपेक्षित काळ ३०,००० भागिले १००, म्हणजे अवघा ३०० तास ठरतो. दोन आठवडेसुद्धा नाहीत. कोणतीही एक डिस्क बिघडली की पट्टेदार संचातील सर्वच माहिती निरुपयोगी होते. त्यामुळे केवळ पट्टे पाडून भागणार नाही, तर बिघाड सोसण्याची तरतूद संचातच करावी लागेल, असा निष्कर्ष या संशोधकांनी काढला. त्यांनी सांगितलेल्या पाचही प्रकारांत जादा माहिती साठविण्याची सोय आहे. पहिल्या प्रकारात प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत ठेवली जाते. पाचव्या प्रकारात 'पॅरिटी' नावाची पडताळणीची माहिती सर्व डिस्कवर वाटून ठेवली जाते आणि तिच्या आधारे एका बिघडलेल्या डिस्कवरील मजकूर पुन्हा तयार करता येतो. बिघडलेल्या साठवण घटकातील माहिती परत मिळविण्याची अशी एक युक्ती आयबीएमचे नॉर्मन ओची यांच्या नावे १९७८ मध्येच पेटंट झालेली होती.

येथे एक लक्षणीय बाब नमूद करावयास हवी. आज ज्याला 'रेड शून्य' म्हणतात, तो निव्वळ पट्टेदार प्रकार मूळ निबंधातील पाच प्रकारांत नव्हता. ते नाव नंतर रूढ झाले. 'रेड' या संज्ञेतील पहिल्या अक्षराचा अर्थ 'जादा तरतूद असलेला' असा आहे आणि 'शून्य' हा आकडा ती तरतूद मुळीच नसल्याचे सांगतो. बाजारात मात्र 'रेड' हा शब्द सुरक्षिततेचा द्योतक मानला गेला आणि त्यामागचा शून्य अनेकांच्या ध्यानातून निसटला.

टेबलावरच्या संगणकात पट्टेदार संच

प्रारंभी हे तंत्र मोठ्या संगणकांपुरते मर्यादित होते. सामान्य संगणकावर ते येण्याचे पहिले महत्त्वाचे साधन म्हणजे कार्यप्रणाली होय. भूकंपाच्या वर्षीच, जुलै १९९३ मध्ये, मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ३.१ ही प्रणाली आली. तिच्यात ६४ किलोबाइटचे पट्टे पाडून अनेक डिस्कचा एक संच करण्याची सोय होती. १९९६ च्या लिनक्स २.० या आवृत्तीतही अशी व्यवस्था उपलब्ध झाली. महाराष्ट्राचाही या तंत्राच्या विकासाशी संबंध आला. अनेक डिस्कचे व्यवस्थापन व पट्टेदार मांडणी करणारे 'व्हॉल्यूम मॅनेजर' हे सॉफ्टवेअर ज्या व्हेरिटास कंपनीचे, तिचे एक मोठे विकास केंद्र पुण्यात होते. ही कंपनी २००५ मध्ये सिमँटेकमध्ये विलीन झाली व पुढे पुन्हा स्वतंत्र झाली.

खऱ्या अर्थाने हे तंत्र हौशी वापरकर्त्यांपर्यंत पोहोचले ते २००० च्या आसपास, जेव्हा मदरबोर्डवरच रेडची चिप बसविली जाऊ लागली. २००३ मध्ये इंटेलच्या आयसीएच५आर या चिपमुळे साटा प्रकारच्या दोन डिस्कचा पट्टेदार संच जोडणे अगदी सोपे झाले. त्या काळातील पद्धत थोडक्यात अशी होती. शक्यतो एकाच कंपनीच्या व समान क्षमतेच्या दोन डिस्क घ्याव्या लागत, कारण क्षमता असमान असल्यास लहान डिस्कइतकाच भाग दोन्हींवर वापरात येई. डिस्क मदरबोर्डला जोडून बायोसमध्ये साटाची निवड 'रेड' अशी बदलावी लागे. संगणक पुन्हा सुरू होताना कंट्रोल व आय ही बटणे एकदम दाबली की संच तयार करण्याचा पडदा उघडे. तेथे दोन्ही डिस्क निवडून प्रकार 'शून्य' व पट्ट्याचा आकार ठरवावा लागे. हा आकार साधारणतः १६ ते १२८ किलोबाइट असे. याच वेळी दोन्ही डिस्कवरील आधीची माहिती पुसली जाई. त्यानंतर विंडोज एक्सपी बसविताना प्रारंभीच एफ६ बटण दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे, अन्यथा प्रणालीला संच दिसतच नसे.

या पद्धतीत आणखी एक धोका दडलेला होता. संचाची जुळणी विशिष्ट चिपवर अवलंबून असल्याने दोन्ही डिस्क धडधाकट असूनही मदरबोर्ड जळाल्यास त्याच कुळातील दुसरा मदरबोर्ड शोधावा लागे. लिनक्समधील सॉफ्टवेअर संचात जुळणीची माहिती डिस्कवरच, सर्वांना ज्ञात असलेल्या स्वरूपात लिहिलेली असते. त्यामुळे तो दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकावर उभा करता येतो. नोंदी जतन करणाऱ्या संस्थेच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

वेगाचा लाभ : एक उदाहरण

पट्टेदार संचाचा लाभ नेमका किती, हे ग्रामीण दप्तराच्या उदाहरणावरून तपासता येईल. ए-४ आकाराचा एक जुना कागद ३०० डीपीआय या घनतेने रंगीत स्कॅन केला, तर त्याची न आकुंचिलेली प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइटची होते. ६४ किलोबाइटच्या पट्ट्यांत तिचे ३९९ तुकडे होतील. त्यांपैकी २०० एका डिस्कवर व १९९ दुसरीवर जातील. एका डिस्कचा वेग सेकंदाला ५० मेगाबाइट मानल्यास अशी १,००० पाने लिहिण्यास सुमारे पावणेनऊ मिनिटे लागतील आणि पट्टेदार संचास त्याच्या निम्मा वेळ लागेल. बचत झाली ती सव्वाचार मिनिटांची.

परंतु ही १,००० पाने उलगडणे, सरळ करणे आणि स्कॅनरखाली ठेवणे यालाच कित्येक तास, जीर्ण कागद असल्यास कित्येक दिवस लागतात. म्हणजे या कामातील विलंब डिस्कमुळे होत नाही, तो कागद हाताळण्यामुळे होतो. डिस्कचा वेग दुप्पट करून एकूण कामाला काहीच गती येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. गार्थ गिब्सन यांनी बियांका श्रोडर यांच्यासमवेत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वापरातील डिस्क वर्षाला साधारणपणे दोन ते चार टक्के इतक्या प्रमाणात बदलाव्या लागत असल्याचे आढळले. उत्पादकांच्या माहितीपत्रकांवरून हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी यावयास हवे होते. बिघाडाची शक्यता वर्षाला तीन टक्के मानली, तर दोन डिस्कचा पट्टेदार संच नष्ट होण्याची शक्यता सुमारे ५.९ टक्के आणि चार डिस्कचा संच नष्ट होण्याची शक्यता सुमारे ११.५ टक्के होते. शिवाय एक डिस्क गेल्यास अर्धी पाने वाचतील असेही नाही. प्रत्येक पानाचा एकाआड एक तुकडा नाहीसा झाल्याने कोणतेच पान धड उरत नाही. सव्वाचार मिनिटांसाठी दुप्पट जोखीम, असा हा व्यवहार आहे.

याचा अर्थ पट्टेदार मांडणी सर्वत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. चित्रफितींचे संपादन किंवा वैज्ञानिक निरीक्षणे यांत माहितीचा लोंढा अखंड येत असतो आणि एक डिस्क तो झेलू शकत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील ३० अँटेनांच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण बोलके आहे. २०१० च्या सुमारास तेथे सामान्य संगणकांच्या जाळ्यावर आधारलेली संकेतप्रक्रिया-प्रणाली कार्यान्वित झाली व अँटेनांकडून येणारे मूळ संकेत थेट डिस्कवर नोंदविण्याची सोयही तीत होती. अशा ठिकाणी अनेक डिस्कवर काम वाटणे ही गरज असते. मात्र तेथेही डिस्कवर प्रथम उतरलेली माहिती हा कामाचा एक टप्पा असतो. तिच्यावर पुढील प्रक्रिया होऊन फलित अन्यत्र जतन केले जाते.

विभागणी आणि प्रत : नोंदींच्या जतनाचा प्रश्न

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. मात्र सातबारा म्हणजे संपूर्ण दप्तर नव्हे. ग्रामपंचायत, शाळा, सहकारी सोसायटी यांची जुनी रजिस्टरे हीदेखील नोंदीच आहेत आणि ती एखाद्या कार्यालयातील एकाच संगणकात स्कॅन करून ठेवली जाण्याचा संभव अधिक आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे येथील जुनी कागदपत्रे उर्दू, मोडी अशा लिप्यांत व वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामाच्या निमित्ताने निजामकालीन महसुली व शैक्षणिक नोंदींचा मोठ्या प्रमाणावर शोध घेण्यात आला. हा शोध हैदराबादपर्यंत जाऊन पोहोचला. एका जुन्या नोंदीवर कुटुंबाचा हक्क ठरू शकतो, हे १९९४ नंतर सास्तूर परिसराने घराच्या रूपाने अनुभवले होते. २०२३ मध्ये तेच साऱ्या मराठवाड्याने पाहिले.

कागदी दप्तराच्या व्यवस्थेत प्रतीचे तत्त्व पूर्वीपासून होते. गावपातळीवरील नोंदी व तालुक्याच्या कचेरीतील अभिलेख यांच्या आधारे एका ठिकाणच्या कागदाची दुसऱ्या ठिकाणी पडताळणी करता येत असे. वेगळ्या गावी ठेवलेली प्रत ही भूकंपावरील सर्वांत साधी तरतूद होय. संगणकीय क्षेत्रानेही अखेर हाच मार्ग धरला. गूगलने २००३ मध्ये वर्णन केलेल्या साठवण प्रणालीत फाइलचे ६४ मेगाबाइटचे भाग करून ते अनेक संगणकांवर वाटले जात, परंतु प्रत्येक भागाच्या सामान्यतः तीन प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवल्या जात. विभागणीने वेग दिला आणि प्रतींनी टिकाऊपणा. दोन्ही एकत्र असल्याशिवाय मोठी व्यवस्था उभी राहत नाही.

येथे हेही स्पष्ट केले पाहिजे की, एकाच पेटीतील दोन डिस्कवर हुबेहूब प्रत ठेवणे हादेखील पूर्ण उपाय नाही. डिस्कच्या बिघाडापासून त्याने संरक्षण मिळते. आग, पूर, चोरी किंवा छत कोसळणे यांपासून मिळत नाही. चुकून पुसलेली फाइलही दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी जाते. म्हणून रेडचा कोणताही प्रकार वापरला, तरी दुसऱ्या इमारतीत आणि शक्य तर दुसऱ्या गावात ठेवलेला बॅकअप अनिवार्य ठरतो.

समारोप

पट्टेदार हार्ड डिस्क-संचाचा इतिहास हा यांत्रिक मर्यादेवर मात करण्याच्या प्रयत्नाचा इतिहास आहे. १९८८ मध्ये संशोधकांनी वेगाबरोबरच जोखमीचा हिशेब मांडला होता. टेबलावरच्या संगणकात हे तंत्र येता येता वेग तेवढा उरला आणि हिशेब मागे पडला. आता फिरत्या तबकडीविना चालणाऱ्या एकट्या एनव्हीएमई डिस्कचा वेग जुन्या पट्टेदार संचांच्या कितीतरी पट अधिक आहे. त्यामुळे घरगुती वापरात त्या संचाचे प्रयोजनही बरेचसे संपले आहे. तो वापरावयाचा असेलच, तर चालू कामाच्या तात्पुरत्या साठवणीसाठी वापरावा. एकमेव प्रतीसाठी तो कधीही वापरू नये.

ग्रामीण नोंदींच्या संदर्भात यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, साठवणीची पद्धत ठरविण्यापूर्वी कामातील विलंब नेमका कोठे आहे हे पाहावे. दुसरी, संच उभारायचाच असल्यास बिघाड सोसणारा व दुसऱ्या संगणकावर जोडता येणारा प्रकार निवडावा. तिसरी, नोंदीची किमान एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी.

सास्तूर येथे १९९३ मध्ये कोसळलेल्या अनेक भिंती दिसायला भक्कम होत्या. त्यांचे आतले व बाहेरचे दगडी थर एकमेकांना बांधणारे जोडदगड त्यांत नव्हते. पुनर्वसन काळात उभ्या राहिलेल्या घरांच्या मजबुतीकरणात असे जोडदगड बसविण्यावर भर देण्यात आला. भिंत जाड आहे यापेक्षा ती हादरा सोसेल काय, हे महत्त्वाचे असते. ज्या नोंदीवर उद्या कोणाच्या घराचे माप ठरणार आहे, तिच्या साठवणीलाही हाच निकष लावावयास हवा.